दुकानातलं पिल्लू घेताय? बैल बघता तसं बघून घ्या

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला माणूस काय काय करतो ते आठवा. आधी लांबून चालवून बघतो. मग जवळ जाऊन खूर बघतो, पाठीवरून हात फिरवतो, ओठ वर करून दात मोजतो. आदत (दुधाच्या दातांचा) आहे, दोनदाती आहे का जुळलाय (सगळे दात आलेला), हे मालकाच्या तोंडून ऐकून घेत नाही, स्वतः बघतो. कुणाच्या दावणीचा, कामाला शिकवलाय का, मारका आहे का, एवढा चांगला आहे तर विकता कशाला, अशी सगळी चौकशी झाल्यावरच रुमालाखाली बोटं धरतो. याच माणसाचा लेक शहरातल्या दुकानात जातो, काचेमागचं लॅब्राडॉरचं पिल्लू बघतो आणि दहा मिनिटांत बारा हजार रुपये फोनवरून पाठवून मोकळा होतो. दात तर सोडाच, पिल्लू चार पावलं चाललेलंही त्यानं बघितलेलं नसतं.

माझी नोकरी लातूर जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून गेली. गावात आम्हाला सरसकट डॉक्टर म्हणतात, पण डॉक्टर म्हणजे पदवीवाले. औषधपाणी त्यांच्याकडूनच करून घ्यायचं, हे आधीच सांगून ठेवतो. देवणी गाय, उस्मानाबादी शेळी, म्हशी यांच्यात जन्म गेला आणि रिटायर झाल्यावर फोन येतात ते मात्र कुत्र्यांचे. "काका, पिल्लू घ्यायला चाललोय, सोबत येता का?" असा फोन क्वचित. "काका, चार दिवसांपूर्वी आणलंय, कालपासून खात नाही," हा नेहमीचा. पहिला फोन आला असता तर जे सांगितलं असतं, ते इथं लिहितोय.

माझं मत विचाराल तर दुकानातून पिल्लू घेऊच नये. जिथं आई बघायला मिळते तिथूनच घ्यावं. तरी घेणारे घेतातच, म्हणून घ्यायचंच झालं तर काय तपासायचं तेही सांगतो.

काचेमागं येण्याआधीचे दिवस

दुकानदाराला एकच प्रश्न विचारून बघा: "याची आई कुठंय?" उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. "पुण्याला, आपल्या फार्मवर." नाहीतर, "हैदराबादची लाइन आहे, साहेब." म्हणजे आई दाखवता येत नाही. खरा धोका इथंच सुरू होतो, कारण पिल्लाच्या तब्येतीचा निम्मा हिशेब आईत असतो आणि उरलेला निम्मा आईपासून दुकानापर्यंतच्या रस्त्यात.

रस्ता कसा असतो ते सांगतो. पिल्लू पस्तीस-चाळीस दिवसांचं झालं की दलाल ते उचलतो. आणखी चार घरची पिल्लं त्याच्याकडे आलेली असतात, ती सगळी एका जागी. तिथून टोपलीत नाहीतर खोक्यात घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं लातूर, नांदेड, परभणी. रात्रभर हादरे, पाणी नाही, डिक्कीतली कोंडलेली हवा. सकाळी पुसून-पासून काचेमागं, शेजारच्या खोक्यात तिसऱ्याच घरची पिल्लं.

आता यात आजाराचं गणित बघा. वासराला जन्मल्याबरोबर चीक पाजला नाही तर काय होतं हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या लेकरालाही माहीत असतं. कुत्र्याचंही तसंच. आईच्या चिकातून मिळालेली ताकद पिल्लाला पहिले काही आठवडे सांभाळते आणि मग हळूहळू उतरत जाते. कुणाची सहाव्या आठवड्यात, कुणाची अगदी सोळाव्यापर्यंत. गोची अशी की ही ताकद अंगात असेपर्यंत लस धरत नाही आणि उतरली की पिल्लू उघडं पडतं. म्हणून तर लस एकदा टोचून भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. ज्या दिवसांत पिल्लू सगळ्यात कच्चं असतं, नेमक्या त्याच दिवसांत धंदेवाईक त्याला दहा ठिकाणच्या पिल्लांत मिसळतात.

त्यात पार्व्हो हा विषाणूचा आजार सगळ्यांचा बाप. १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि तेव्हापासून गेलाच नाही. लागण झाली की तीन ते सात दिवस बाहेरून काही दिसत नाही, पिल्लू उड्या मारत असतं. मग एकदम सुस्त, खाणं बंद, उलट्या, आणि रक्ताळलेले पातळ जुलाब. त्या जुलाबाला असा वास असतो की एकदा नाकात बसला तर पुढच्या वेळी दारातूनच कळतं. दुसरा डिस्टेंपर. त्याला वेळ जास्त लागतो: आधी डोळ्यांत चिपडं, नाक वाहणं, खोकला, आणि सर्दी बरी होतेय असं वाटत असतानाच झटके.

मग दुकानदाराची "२४ तासांची गॅरंटी" मोजून बघा. आजार अंगात असून वर यायला तीन ते सात दिवस, आणि गॅरंटी एका दिवसाची. हिशेब त्यानं बरोबर मांडलेला असतो.

आमच्या गल्लीतल्या एका मास्तरांकडे हेच झालं. लेकीच्या वाढदिवसाला दुसऱ्या शहरातल्या एका दुकानातून पिल्लू आणलं. दोन दिवस घर डोक्यावर घेतलं त्यानं. चौथ्या दिवशी पहाटे मास्तर टॉवेलात गुंडाळून माझ्या ओट्यावर. "काका, रात्रीपासून घोटभर पाणी ठरंना हो पोटात." टॉवेल उघडायच्या आधीच मला कळलं होतं. लगेच दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, पण दुसऱ्या रात्री गेलं ते. दुकानात फोन लावला तर उत्तर आलं, "आमच्याकडून गेलं तेव्हा ठणठणीत होतं." यात खोटंही काही नव्हतं, दिसायला ठणठणीतच होतं. पुढचं जास्त वाईट. लेक रडून रडून जेवेना, म्हणून दोन महिन्यांनी मास्तरांनी पाहुण्यांच्या घरचं एक पिल्लू आणलं, चांगलं आईजवळ वाढलेलं. त्याच पडवीत ठेवलं आणि तेही पार्व्होनं पडलं. हा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो. फिनेलला तो दाद देत नाही. हायपोक्लोराइटचं ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, जागा आधी धुऊन मग हे दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, तेव्हा फरशीवरचा मरतो. शेणानं सारवलेल्या जमिनीला तर ब्लीचचाही उपयोग नाही. अशा घरात नवं पिल्लू आणायचं तर लसीचे सगळे डोस पूर्ण झालेलंच आणा.

दुकानात गेल्यावर

न सांगता जा, आणि सकाळी शटर उघडायच्या वेळेला जा. झाडलोट व्हायच्या आत. पिंजऱ्याच्या तळाला काय पडलंय ते बघा: घट्ट लेंडी आहे, का पिवळं पातळ, का फेस? एका पिंजऱ्यात चार पिल्लं असतील आणि त्यातलं एक कोपऱ्यात गोळा होऊन पडलं असेल तर बाकीची तीन नाचत असली तरी घ्यायची नाहीत. "आत्ताच जेवलंय, म्हणून झोपलंय," असं सांगतील. ठीक आहे, म्हणा, मी तासाभरानं येतो.

पिल्लू बाहेर काढून जमिनीवर सोडायला लावा. कडेवर घेऊन देतील. घेऊ नका, निदान लगेच नाही. एकदा कुशीत शिरलं की तुमची अक्कल गेली, हे दुकानदाराला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. चालू द्या. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेत का? मुडदूस असेल. मागचे पाय सशासारखे जोडून उचलतंय का? मोठ्या जातीत, विशेषतः जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडॉरमध्ये, खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आईबापाकडून येतो. तो एवढ्या लहानपणी कळतोच असं नाही, पण चाल बिघडलेली असेल तर तिथंच थांबा. मागं जाऊन टाळी वाजवा, कान टवकारायला हवेत.

मग दात. ओठ हलकेच वर करा. तीन आठवड्यांच्या पुढं दुधाचे दात फुटायला लागतात. सहा आठवड्यांपर्यंत समोरचे बारीक दात आणि सुळे आलेले असतात, आणि आठ आठवड्यांना दाढांसकट २८ च्या आसपास दात असतात. छोट्या जातींत थोडा उशीर होतो. "दोन महिन्यांचं आहे" म्हणतात आणि मागं बोट फिरवलं तर हिरडी गुळगुळीत लागते, तेव्हा ते पिल्लू आईपासून लवकर तोडलेलं आहे असं समजा. बैलाचं वय दातावर धरणाऱ्या माणसाला यात नवीन काही नाही.

दातांपाशीच हिरडी बघून घ्या. गुलाबी हवी. अंगठ्यानं दाबा, पांढरी होईल, सोडा, दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हिरडी पांढुरकी असेल तर जंत, पिसवा, गोचीड यांनी रक्त प्यायलंय किंवा याहून मोठं काही आहे. बोटाला चिकट लागली तर अंगात पाणी कमी आहे. नाक कोरडं म्हणजे आजारी, असं लोक म्हणतात त्यात तथ्य नाही. झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. नाकातून शेंबूड येतोय का, डोळ्यांत चिपडं आहेत का, ते बघायचं.

पोटाकडे या. बरगड्या मोजता येतात आणि पोट मात्र ढोलकीसारखं टम्म, म्हणजे जंत. बेंबीजवळ मऊ गाठ लागली तर हर्निया. लहान असेल तर चालतो, पण डॉक्टरला दाखवायचा आणि भाव पाडायचा. नर असेल तर दोन्ही अंड खाली उतरलेत का ते चाचपा. आठ आठवड्यांना हाताला लागायला हवेत. शेपटी उचलून बघा, आजूबाजूचे केस ओले-पिवळे असतील तर जुलाब चालू आहेत आणि घाईनं पुसलेत. केस उलटे फिरवून कातडी बघा. खपल्या, कानाच्या कडेला खरखर असेल तर खरूज, गोल चट्टे असतील तर गजकर्ण. काळ्या बारीक कणांची शंका आली तर ते ओल्या कापसावर घ्या. लाल डाग उतरला तर ती पिसवांची घाण. पावडरचा भपकारा येत असेल तर कशाचा वास दडपलाय ते शोधा.

एवढं सगळं करताना दुकानदार वैतागला तर वैतागू द्या.

अजून एक. पुढच्या पायावर केस कापल्याची छोटी चौकोनी खूण असेल तर विचारा, सलाइन कशाला लावलं होतं? सुस्त पडलेल्या पिल्लाला ग्लुकोज, अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड टोचून दोन दिवस तरतरीत ठेवायचं आणि त्यात विकून टाकायचं, हे मी पाहिलेलं आहे.

कार्ड, पेपर आणि गोड शब्द

लसीचं कार्ड हातात देतील. त्यावर नुसत्या तारखा आणि टिकमार्क असतील तर ते कार्ड आणि किराण्याची यादी सारखीच. खऱ्या नोंदीला बाटलीवरचं स्टिकर असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते, शेजारी डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक असतो. तो डॉक्टर खरा आहे का, एक फोन लावून विचारा. दुकानदार स्वतःच टोचत असेल तर लस खरी असली तरी भरवसा नाही. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात वीज किती वेळ जाते हे तुम्हाला मी सांगायला नको.

"सगळी इंजेक्शनं झालीत," असं पंचेचाळीस दिवसांच्या पिल्लाबद्दल कुणी म्हणालं तर तो माणूस खोटं तरी बोलतोय किंवा त्याला काही कळत तरी नाही. रेबीजची लसच मुळी साधारण तीन महिन्यांना देतात.

केसीआयचे पेपर म्हणजे चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी. त्यात आईबापाची वंशावळ असते, तब्येतीची हमी नसते. "पेपर मागून कुरिअरनं येतील," यावर पैसे जास्त देऊ नका. पेपर आले की वरचे पैसे, एवढंच बोला. कातडीखाली ओळखीची चिप बसवली असेल तर स्कॅनर फिरवून १५ आकडी नंबर कागदाशी ताडून बघा.

बाकी भाषा ऐकून घ्यायची आणि सोडून द्यायची. डबल बोन, पंच फेस, शो क्वालिटी. डबल बोन म्हणजे काय, हाडं काय दोन-दोन असतात? पॉमेरेनियन म्हणून आपल्याकडे जी विकली जातात त्यातली बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात. कुत्रं चांगलं, काटक, पण भाव पॉमेरेनियनचा कशाला द्यायचा?

फोटो बघून फोनवर इसार देण्याची भानगड तर करूच नका. आधी टोकन, मग गाडीभाडं, मग "पिल्लाचा विमा", आणि शेवटी फोन बंद. फसलात तर त्याच दिवशी १९३० वर सायबरची तक्रार नोंदवा, उशीर झाला की पैसे अडवणं अवघड होतं.

कायदा काय म्हणतो

२०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आले, २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे. त्यानुसार पैदास करणारा आणि दुकानदार दोघांचीही राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि दुकानाचं प्रमाणपत्र दिसेल असं लावलेलं हवं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे "चाळीस दिवसांचं आहे, एकदम फ्रेश," हे वाक्य म्हणजे गुन्ह्याची कबुलीच, आणि ती ते हसत हसत देतात. कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांच्या पुढं फळवायची नाही, वर्षातून एकाच वेताची मुभा, जन्मभरात पाच. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, आणि नोंद न ठेवणारा माणूस दोन्ही वेळा फळवतो. ती आई तुम्हाला का दाखवत नाहीत, त्याचं एक कारण हेही. तिचे सड लोंबलेले, केस झडलेले, पाय पिंजऱ्याच्या जाळीनं सोललेले. ती बघितली तर गिऱ्हाईक परत जाईल.

बिल मागाच. त्यावर दुकानाचा नोंदणी क्रमांक, पिल्लाची जात, लिंग, जन्मतारीख, खूण किंवा चिपचा नंबर, दिलेल्या लसी आणि कुठून आणलं हे सगळं लिहून घ्या. पैसे दुकानाच्या खात्यावर द्या, कुणाच्या भाच्याच्या नंबरवर नको. बिल न देणं आणि बिलात मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणं, या दोन्ही गोष्टी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेल्या आहेत. पिल्लाला माल म्हणायला जीव होत नाही, पण तक्रार करायची तर ती अशीच. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि आधी १९१५ ला फोन करून विचारता येतं. पिल्लू गेलं असेल तर शवविच्छेदन करून घ्या, कागद हातात राहतो. आपल्या भागात उदगीर आणि परभणी इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं विचारा. प्राणी क्लेशाच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र जास्तीत जास्त ५० रुपये आहे. पन्नास हजार नाही, पन्नास रुपये. त्यामुळे त्या कायद्याची भीती कुणाला वाटत नाही.

घरात लेकरं असतील तर

जंत पिल्लातून लेकरात जातात, खरूजही माणसाच्या हातावर उठते. अमेरिकेत २०१६ ते २०१८ या काळात कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूनं १८ राज्यांतली ११८ माणसं जुलाबानं आजारी पडली, आणि माग काढला तर तो दुकानांतल्या पिल्लांपर्यंत गेला. त्या जंतूवर बरीच अँटिबायोटिक्स चालत नव्हती, कारण बहुतेक पिल्लांना आजार नसतानाही ती औषधं दिलेली होती. पिल्लाला हात लावला की साबणानं हात धुवायचे, शी लेकरांनी उचलायची नाही, एवढं पाळलं तरी बरंच टळतं.

रेबीज पिल्लालाही असू शकतो. "लहान आहे, त्याच्या दाताला काय विष असतंय," म्हणणारे अजून भेटतात. दात लागला, रक्त आलं, तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरचीपूड काही भरायचं नाही.

स्वभावाचंही आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुकानातून घेतलेली कुत्री आणि घरगुती पैदास करणाऱ्यांकडची कुत्री यांची तुलना केली होती. दुकानातल्यांत अंगावर जाणं, भिणं, घरात घाण करणं जास्त आढळलं. शेवटचं तर सहज समजण्यासारखं आहे. पिल्लू मुळात झोपायच्या जागेत घाण करत नाही, पण दोन फुटी पिंजऱ्यात राहिलं की त्याला दुसरी जागाच नसते. एकदा ती लाज मोडली की पुढं शिकवताना नाकी नऊ येतात.

आणि जात निवडताना आपला मे महिना आठवा. पारा ४३-४४ ला जातो, पत्रा तापतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकूनच गार होतं. दाट केसांच्या हस्कीला आणि चपट्या नाकाच्या पगला हे जड जातं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा एकाकडे सेंट बर्नार्ड होता. माणसांना प्यायला टँकरच्या रांगा आणि याला दिवसातून दोनदा अंघोळ हवी. शेजाऱ्यांशी त्याची भांडणं कशी झाली असतील, कल्पना करा.

आणलंच असेल तर पहिले दोन आठवडे

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर. सोबत ताजी शी छोट्या डबीत न्या, जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला बारीक परजीवी) तपासता येतात. घरात दुसरं कुत्रं असेल तर दोन आठवडे वेगळं ठेवा, भांडी वेगळी, आणि आधी जुन्याचं करून मग नव्याकडे जा. अंघोळ घालू नका. दुकानात जे खात होतं तेच चार दिवस द्या, मग हळूहळू बदला. आल्या आल्या वाटीभर म्हशीचं दूध पाजायचा आपल्याकडे भारी सोस. त्यानं हमखास पोट सुटतं, आणि मग ते दुधाचे जुलाब का पार्व्होचे, हे कळेपर्यंत एक दिवस वाया जातो. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, मैदानात खाली सोडायचं नाही. कडेवर घेऊन मात्र जरूर फिरवा: ट्रॅक्टरचा आवाज, शाळेची घंटा, टोपीवाले म्हातारे, सगळं याच वयात बघायला हवं.

एक वेळचं जेवण सोडलं आणि सोबत उलटी किंवा सुस्ती असली तर सकाळची वाट बघू नका. रात्रीत एवढा जीव सुकून जातो.

"पण त्याची दया आली हो"

हे मला सगळ्यात जास्त बायका सांगतात, आणि पुरुष फक्त मान्य करत नाहीत. पिंजऱ्यातलं आजारी पिल्लू बघवत नाही म्हणून विकत घेतात. तुमच्या पैशानं तो पिंजरा रिकामा होतो आणि पुढच्या ट्रॅव्हल्सनं त्यात दुसरं येतं. दया आली तर फोटो काढा, तारीख टाका, नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर नसेल तर तेही टिपा, आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे, पशुसंवर्धन उपायुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या. पोचपावती घ्यायला विसरू नका. अर्जावर लगेच धाड पडेल असं नाही, पण दोन-चार अर्ज साठले की हालचाल होते.

पिल्लू कुठून घ्यावं? ओळखीत ज्यांच्या घरी कुत्री व्यालीय त्यांच्याकडून, आई बघून, तिच्या जवळ बसून. आई अंगावर धावून येत असेल किंवा कोपऱ्यात थरथरत असेल तर पिल्लंही तशी निघण्याचा संभव असतो. शेत असेल आणि पळायला जागा असेल तर कारवान ही आपली शिकारी जात बघा. उंच, सडपातळ, आपल्या उन्हाला सरावलेलं. मात्र पळणाऱ्या गोष्टीमागं सुटणं त्याच्या रक्तात आहे, शेजाऱ्याच्या कोंबड्या सांभाळा. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत श्वान प्रदर्शन भरतं, तिथं चांगले कारवान आणि त्यांचे मालक दोन्ही भेटतात. पत्ता घ्या, पुढं घरी जाऊन बघा. यात्रेच्या गर्दीतून मात्र पिल्लू उचलून आणू नका, तिथं कुठून कुठून कुत्री आलेली असतात.

नाहीतर गल्लीतलं गावरान. भाद्रपदात कुत्री फळतात, दोन महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात व्यातात, आणि पौष-माघात पिल्लं आठ आठवड्यांची होतात. तोवर आईला रोज भाकरी आणि पाणी घालत राहा. ती तुम्हाला जवळ येऊ देते, पिल्लं हाताची होतात, कुठलं धीट आणि कुठलं बुजरं ते महिनाभरात आपोआप कळतं. सहा आठवड्यांना आईजवळ असतानाच जंताचं औषध आणि पहिली लस उरकून घ्या, आणि आईचंही नसबंदीचं बोलून ठेवा, म्हणजे पुढच्या भाद्रपदात तोच प्रश्न परत उभा राहत नाही.